तेच सलाईन, तीच सुई

नोकरीत मुरलेली नर्स पुन्हा कॉलेजात जायचं म्हणते तेव्हा सर्वात आधी विरोध होतो तो वॉर्डातल्या बाकीच्या सिस्टरांकडून. "पदवी घेऊन काय वेगळं करणार आहेस? तेच सलाईन, तीच सुई." या बोलण्यात थोडा टोमणा असतो, थोडी काळजी असते आणि बराचसा हिशोब असतो, कारण एक जण शिकायला गेली की बाकीच्यांच्या नाइट वाढतात. खरं सांगायचं तर मला तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं होतं. पदविकेवर मी बरीच वर्षं काढली होती. हात बसलेला होता. डोळ्यांना न दिसणारी शीर बोटाला लागायची, ड्रेसिंगचा ट्रे गप्पा मारता मारता लावून व्हायचा, राऊंडला कुठल्या डॉक्टरांना काय लागणार ते त्यांच्याआधी मला ठाऊक असायचं. पदवी हवी होती ती सरळसरळ बढतीसाठी. ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हती. अर्ज भरणाऱ्या बहुतेकींना ती नसते, मुलाखतीत तसं सांगावं लागतं एवढंच.

हातांना पदवीने फारसं काही शिकवलं नाही हे आजही मान्य आहे. इंजेक्शन मी आधीही तसंच देत होते. बदल झाला तो दोन ठिकाणी: पेशंटकडे बघताना माझं लक्ष कुठे जातं, आणि जे दिसलं ते मी कोणाला कसं सांगते. ऐकायला हे फार थोडं वाटतं.

श्वासाचंच घ्या. टीपीआर चार्टवर ताप, नाडी आणि श्वास असे तीन रकाने असतात. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी यंत्रावर दिसते. श्वास मोजायचा तर मिनिटभर पेशंटजवळ उभं राहावं लागतं, आणि भरलेल्या वॉर्डात ते एक मिनिट म्हणजे चैन असते. म्हणून श्वासाचा रकाना पाहाल तर 20, 18, 20, 20 असे शहाण्या मुलांसारखे आकडे ओळीने बसलेले दिसतात. निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो, त्यामुळे 20 लिहिलं की कोणी काही विचारत नाही.

फिजिऑलॉजीच्या तासाला या रकान्याची गंमत कळली. रक्तात आम्ल साठायला लागलं किंवा ऑक्सिजन कमी पडायला लागला की मेंदूतलं श्वासाचं केंद्र लवकर जागं होतं आणि श्वास वाढतो. बीपी पडतं ते बहुतेक वेळा बरंच उशिरा. रक्तवाहिन्या आवळून, हृदय पळवून शरीर ते धरून ठेवतं. धडधाकट तरुण माणसाचं तर अगदी कडेलोट होईपर्यंत धरून ठेवतं. म्हणजे सगळा वॉर्ड ज्या आकड्याकडे डोळे लावून बसतो तो मागाहून हलणारा, आणि जो आधी हलतो तो अंदाजाने भरलेला!

मोजायची रीत साधी आहे. नाडी पाहून झाली तरी मनगटावरची बोटं काढायची नाहीत, नजर मात्र छातीकडे न्यायची. "तुमचा श्वास मोजते हं" असं म्हटलं की माणूस मुद्दाम श्वास घ्यायला लागतो आणि मोजणं वाया जातं. पूर्ण मिनिट मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. ही रीत मला पदविकेतही शिकवली होती. तेव्हा ती प्रोसिजर बुकातली एक पायरी होती, परीक्षकांसमोर म्हणून दाखवायची. तिच्यामागचं कारण कळल्यावर ती गाळणं जड जायला लागलं.

एका नाइटला पोटाचं ऑपरेशन झालेले एक गृहस्थ होते. ऑपरेशनला दोन दिवस झालेले. बीपी ठीक, ताप किरकोळ, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन 96 टक्के, तोही ठीक. त्यांचा श्वास मोजला, 28 भरला. शेजारच्या कॉटवरचं सलाईन बदलून परत आले आणि पुन्हा पूर्ण मिनिट मोजला. 30. बोलताना ते वाक्याच्या मधेच दमत होते, आणि पांघरूण सारखं ओढत होते, पुन्हा ढकलत होते.

असा पेशंट पाहिल्यावर काहीतरी बिनसलंय हे कुठल्याही अनुभवी सिस्टरला कळतं. पदवी नसतानाही कळतं. अडतं ते पुढे. आमच्याकडचा नेहमीचा फोन असा: "सर, बारा नंबरचे पेशंट काही बरे वाटत नाहीत." पलीकडून, "बीपी?" "एकशे दहा-सत्तर." "मग बघा जरा, सकाळी पाहू." यात डॉक्टरांना बोल लावणं सोपं आहे. पण दिवसभराच्या ड्यूटीनंतर जेमतेम पाठ टेकलेल्या माणसाच्या हातात आपण काय दिलं, तर आपलं एक वाटणं.

पदवीच्या वर्गात आमच्याकडून एसबार घोटून घेतलं होतं. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर रुळलेली ही बोलायची पद्धत नंतर रुग्णालयांनी उचलली. चार भाग: आत्ता काय घडतंय, त्यामागची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतंय, आणि तुमच्याकडून मला काय हवंय. पहिले दोन भाग कोणीही सांगेल. जीभ अडते ती तिसऱ्या आणि चौथ्यावर. पदविकेत आम्ही ऑर्डर घ्यायला शिकलो, ऑर्डर पाळायला शिकलो, आणि डॉक्टरांना "मला वाटतं" असं म्हणणं हा आगाऊपणा आहे हेही कोणी न शिकवता शिकलो. वर्गात जोड्या लावून सराव व्हायचा. एकीने झोपेतून उठलेला डॉक्टर व्हायचं, दुसरीने फोन करायचा. "एकदा येऊन गेलात तर बरं होईल" असं कोणी म्हणालं की मॅडम हाताने फोन ठेवल्याची खूण करायच्या. बरं होईल म्हणजे काय? यायला हवंय की नको? मग तसं सांगा.

त्या रात्री मी सांगितलं ते असं: "सर, सर्जिकल वॉर्डातून बोलतेय. पोटाच्या ऑपरेशनच्या पेशंटचा श्वास संध्याकाळी 18 होता, आता पूर्ण मिनिट मोजून 30 आहे. बीपी टिकून आहे, पण गेल्या चार तासांत लघवी कमी झालीय आणि ते अस्वस्थ आहेत. मला सेप्सिसची सुरुवात वाटतेय. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवंय. तोवर मी रक्त काढायची तयारी करते." पलीकडे जरा वेळ काहीच नाही, मग "आलो". सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे सगळं शरीर बिघडायला लागणं; पुढचं काम डॉक्टरांचं आणि प्रयोगशाळेचं. ते गृहस्थ पहाटे आयसीयूत गेले आणि यथावकाश चालत घरी गेले. मी नसते तर काय झालं असतं हे मला ठरवता येणार नाही; कदाचित सकाळच्या राऊंडलाही वेळेत कळलं असतं. मला अप्रूप होतं ते माझ्या आवाजाचं. "मला वाटतेय" म्हणताना तो हलला नव्हता.

केअर प्लॅनला, म्हणजे पेशंटच्या शुश्रूषेच्या लेखी आराखड्याला, शिव्या न घातलेली नर्सिंगची विद्यार्थिनी मी अजून पाहिलेली नाही. पानंच्या पानं भरायची, लाल शाईने खोडलेली परत आणायची, पुन्हा भरायची. मीही भरपूर कुरकुर केली. पेशंटला डॉक्टरांनी निदान दिलेलंच आहे, मग हे नर्सिंगचं वेगळं निदान कशाला हवं? केस पेपरवर न्यूमोनिया लिहिलेलं असतं. माझ्या बाजूने तेच असं दिसतं: कफ घट्ट आहे, खोकलं की फासळ्या दुखतात, म्हणून पेशंट खोकायचं टाळतो, म्हणून कफ आतच राहतो. यावर नवी ऑर्डर लागत नाही. लिहून दिलेली वेदनाशामक गोळी वाटेल त्या वेळी न देता खोकायच्या व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास द्यायची, छातीशी उशी घट्ट धरून खोकायला शिकवायचं, उठवून बसवायचं, पाणी किती पोटात जातंय ते बघायचं, आणि संध्याकाळी पुन्हा स्टेथोस्कोप लावून फरक पडलाय का ते ऐकायचं. यातली प्रत्येक गोष्ट मी सुटी सुटी करत आलेच होते. कशामुळे काय आणि त्याचा उपयोग झाला का, अशी ती एका ओळीत कधी मांडली नव्हती. मांडली नव्हती म्हणून पुढच्या ड्यूटीवरच्या सिस्टरला ती देताही यायची नाही. आमच्या नोंदींमध्ये काय असायचं? "रात्र चांगली गेली. झोप लागली. तक्रार नाही." ही तीन वाक्यं कुठल्याही कॉटवर चिकटवली तरी चालतात.

अमेरिकी नर्स व्हर्जिनिया हेंडरसन यांनी 1966 मध्ये नर्सच्या कामाची जी व्याख्या मांडली ती सगळ्यांना पाठ करावी लागते. अंगात ताकद असती, मनात इच्छा असती किंवा पुरेशी माहिती असती, तर माणसाने स्वतःसाठी जे केलं असतं त्यात त्याला मदत करायची, आणि तीही तो लवकरात लवकर आपल्यावाचून चालायला लागेल अशी. बरं होणं शक्य नसेल तिथे शांतपणे मरायला मदत करायची. पाठ केली तेव्हा मार्कांपुरती केली. नंतर वॉर्डात एखादा पेशंट औषध घेत नाही, उठत नाही, ऐकत नाही म्हणून चिडचिड व्हायला लागली की तिचा उपयोग व्हायला लागला. याच्याकडे कशाची कमी आहे? ताकद नाही, की इच्छा नाही, की कोणी नीट समजावूनच सांगितलेलं नाही? "हट्टी पेशंट" असा शेरा मारण्याआधी एवढं विचारलं तरी निम्म्या वेळा शेरा मारावा लागत नाही.

आता बॅक केअर. यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण पदवीमुळे वॉर्डात माझं खरंखुरं भांडण झालं ते यावरूनच.

पडून असलेल्या पेशंटच्या पाठीला स्पिरिट लावायचं, चांगलं चोळायचं आणि वर पावडर टाकायची हे नर्सिंगच्या कित्येक पिढ्यांनी केलेलं काम. माकडहाडापाशी लाल दिसलं की तिथे जरा जास्त चोळायचं, म्हणजे रक्तपुरवठा वाढतो. पटण्यासारखं आहे ना? पदवीच्या दुसऱ्या वर्षी बेडसोरवर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांवर, लेख वाचून वर्गात मांडायचे होते, तेव्हा डोरीन नॉर्टन या इंग्रज नर्सचं काम वाचनात आलं. वृद्ध पेशंटांवरचा तिचा अभ्यास 1962 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि बेडसोरचा धोका आधीच ओळखायचं पहिलं मापन तिच्या नावाने चालतं. त्या कामापासून पुढे जे वाचत गेले त्याचा सारांश एवढाच होता, की वरून काय चोळता याने फारसं काही होत नाही. दाब निघाला तरच कातडी वाचते. पुढची मार्गदर्शक तत्त्वं याहून स्पष्ट सांगतात, की लाल झालेल्या, हाडावरच्या जागी चोळूच नका. आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच चेमटलेल्या असतात, चोळण्याने त्यांना आणखी इजा होते. स्पिरिटने कातडी कोरडी पडते ते वेगळंच.

लाल जागा दिसली तर बोटाने दाबून सोडायची. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून हातात वेळ आहे, कुशीवर वळवा. दाबूनही लालच राहिली तर आत नुकसान सुरू झालंय. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर ही लाली बरेचदा दिसत नाही. तिथे हाताच्या पाठीने ऊब बघायची, बोटाला ती जागा आजूबाजूपेक्षा घट्ट किंवा लिबलिबीत लागते का ते बघायचं, आणि तिथे दुखतं का ते विचारायचं. बघायला दहा सेकंद लागत नाहीत. चोळायला पाच मिनिटं लागायची.

हे मी आमच्या सिस्टर इनचार्जना सांगितलं. सांगायची पद्धत शक्य तितकी मऊ ठेवली होती. तरी त्या म्हणाल्या, "आणि आमच्या हाताखालचे एवढे पेशंट बरे होऊन गेले ते काय हवेवर गेले?" त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. पाठ चोळायला त्या पेशंटला कुशीवर वळवायच्या, तेवढा वेळ दाब निघायचा, कातडी डोळ्यांखालून जायची, चार शब्द बोलणं व्हायचं. पेशंट बरे व्हायचे ते बहुधा यामुळे, आणि श्रेय मात्र स्पिरिट घेऊन जायचं. मी वाद थांबवला आणि दर कॉटच्या पायथ्याशी कूस बदलायच्या वेळांचा कागद लावायची परवानगी मागितली. ती मिळाली. स्पिरिटची बाटली मात्र ट्रॉलीवर तशीच राहिली, ती त्या निवृत्त झाल्यावर खाली उतरली. वॉर्डात ज्ञान पसरतं ते बरेचदा असं, निवृत्तीच्या तारखांच्या चालीने.

संख्याशास्त्राला मी घाबरून होते. गणिताशी फारकत घेऊन इतकी वर्षं झालेली, आणि आता मध्य, मध्यक, प्रमाण विचलन. या विषयात मला ओढलं ते फ्लोरेन्स नाइटिंगेलने, आणि हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. नर्सिंगच्या शाळेत तिची दिवा घेतलेली तसबीर असतेच. तिच्या नावाची शपथही आपण घेतो. ती शपथ तिने लिहिलेली नाही, 1893 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीने तयार केली, हेही मला तेव्हाच कळलं. क्रिमियन युद्धात जखमांपेक्षा किती तरी जास्त सैनिक रोगांनी मेले हे नाइटिंगेलने आकड्यांनी मांडलं, आणि आकडे न वाचणाऱ्या वरिष्ठांसाठी त्यांचे रंगीत पाकळ्यांचे तक्ते काढले. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या निधीतून 1860 मध्ये नर्सिंगची शाळा सुरू झाली, त्याआधीचं हे काम. आपल्यापर्यंत दिवा पोचला आणि तक्ते पोचले नाहीत. दिव्याची नर्स पेशंटना बरी वाटते, तक्त्यांची नर्स प्रशासनाला अवघड वाटते, म्हणून तसं झालं असावं असा माझा एक संशय आहे.

संशोधनाच्या तासाची सर्वात मोठी देणगी म्हणजे आपल्याला आवडणाऱ्या निष्कर्षावरही शंका घ्यायची सवय. लिंडा एकिन आणि सहकाऱ्यांचा 2014 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास पदवीधर नर्सना फार प्रिय आहे. युरोपातले 9 देश, 300 रुग्णालयं, शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून जास्त पेशंट. पदवीधर नर्सचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त असेल तिथे दाखल झाल्यापासून 30 दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी कमी दिसली. हे वाचून वर्गात आम्ही टाळ्याच वाजवायच्या बाकी होतो. मॅडमनी विचारलं, पदवीधर नर्स जास्त ठेवणारं रुग्णालय बाकी बाबतींतही बरं असेल तर? यंत्रं, डॉक्टर, व्यवस्था? संशोधकांनी अशा बऱ्याच गोष्टी हिशोबात धरलेल्या होत्या, तरी असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, हे आम्हाला आमच्याच तोंडून वदवून घेतलं. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो कोणी तसबिरीत लावत नाही: एका नर्सवर एक पेशंट वाढला की तीच शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. शिकलेली नर्स आणून तिच्यावर दुप्पट कॉट टाकल्या तर तिच्या शिक्षणाचं काय करायचं, हा प्रश्न पदवीच्या अभ्यासक्रमात नव्हता.

माणूस म्हणून माझ्यात काही बदल झाला असेल तर तो मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये.

त्याआधी नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांची मांडणी शिकलो होतो. बुद्धिबळपटू आणि वैमानिक यांच्या अभ्यासातून निघालेलं कौशल्याचं प्रारूप त्यांनी 1984 मध्ये नर्सिंगला लावलं: नवशिकी, थोडी सरावलेली, सक्षम, निपुण आणि शेवटी तज्ज्ञ. त्यातली एक गोष्ट मी वाचून सोडून दिली होती. एका ठिकाणची तज्ज्ञ नव्या ठिकाणी गेली की पुन्हा नवशिकी होते. मनोरुग्णांच्या वॉर्डात पहिल्या दिवशी उभी राहिले आणि ते कळलं. ट्रे नाही, सलाईन नाही, ड्रेसिंग नाही. इतक्या वर्षांत हात रिकामे ठेवून पेशंटजवळ बसायची वेळच आली नव्हती. बसून करायचं काय? बोलायचं. म्हणजे काय करायचं?

तिथे प्रोसेस रेकॉर्डिंग नावाचा प्रकार असतो. पेशंटशी झालेलं बोलणं नंतर आठवून शब्दशः लिहायचं. एका रकान्यात तो काय म्हणाला, दुसऱ्यात मी काय म्हणाले, तिसऱ्यात त्या वेळी मला काय वाटत होतं, चौथ्यात त्याचं विश्लेषण. माझ्याकडे आलेली बाई कित्येक दिवस जवळजवळ काही बोलत नव्हती. एकदा खिडकीकडे बघत म्हणाली, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास." मी लगेच म्हणाले, "असं काही नाही हो, तुम्ही लवकर बऱ्या व्हाल." संपलं. ती पुन्हा खिडकीकडे वळली. रकाना भरताना मॅडमनी तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. त्या क्षणी तुम्हाला काय वाटत होतं? बराच वेळ टाळाटाळ केल्यावर मी लिहिलं, "अवघडल्यासारखं. तिने असं काही बोलू नये असं वाटलं." म्हणजे तो दिलासा तिच्यासाठी नव्हताच. तो माझ्यासाठी होता.

अमेरिकी नर्स हिल्डेगार्ड पेपलॉ यांनी 1952 मध्ये मांडलं होतं की नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे. मला ते त्या चौकटीत समजलं. पुढच्या खेपेला ती तसंच काही बोलली तेव्हा मी फक्त विचारलं, "कोणाला त्रास होतो असं वाटतं?" आणि गप्प बसले. गप्प बसणं इतकं कष्टाचं असतं याची मला कल्पना नव्हती. ती बोलली. थोडंच बोलली, पण तिच्या घराबद्दल बोलली. नंतर जनरल वॉर्डात परतल्यावर मी दिवसातून किती वेळा "काही होत नाही, घाबरू नका" म्हणते याकडे माझं लक्ष जायला लागलं. ज्याला खरंच काहीतरी होत असतं त्यालाही आपण तेच म्हणतो. दुखण्याचंही तसंच. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या नर्स मार्गो मॅकॅफरी यांनी 1968 मध्येच म्हटलं होतं की वेदना म्हणजे ती सोसणारा माणूस सांगेल ती, आणि तो सांगेल तेव्हा ती असते. आपण मात्र "एवढं दुखत असेल असं वाटत नाही" हे किती सहज म्हणून जातो.

घरीही फरक पडला. आई फोनवर म्हातारपणाचं काही सांगायला लागली की मी पूर्वी तिसऱ्या वाक्याला उपाय सुचवायची. आता ऐकते. तिला ते सुरुवातीला विचित्र वाटलं. "तू ऐकतेयस ना?" असं मधे मधे विचारायची.

अभ्यासाच्या त्या वर्षांबद्दल छान छान बोलायची पद्धत आहे, ती मला जमणार नाही. नाइट करून सकाळी वर्गात बसणं म्हणजे बसल्या जागी झोपणं. मायक्रोबायोलॉजीचा बराचसा भाग मी असा झोपेत शिकले. घरचं एक माणूस सतत परीक्षेत असलं की बाकीच्यांचीही परीक्षा असते. माझी लेक आणि मी एकाच टेबलावर अभ्यास करायचो, आणि तिचे पेपर संपून तिला सुटी लागायची तरी माझे चालूच असायचे. वर्गात माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुली होत्या. त्यांना संगणकावर लेख शोधता यायचे, मला नाही. मला पेशंट वळवता यायचा, त्यांना नाही. ही देवाणघेवाण फायद्याची होती, दोन्हीकडून.

पदवी झाली, बढतीही झाली, आणि गंमत अशी की जे शिकले ते करायची जागाच लांब गेली. इनचार्ज झाल्यावर ड्यूटी लावायची, सामानाच्या मागणीचं इंडेंट भरायचं, मोडलेल्या बीपी यंत्राचा पाठपुरावा करायचा, रजेची भांडणं सोडवायची. शिकलेली नर्स बेडपॅन उचलणार नाही अशी भीती सगळीकडे असते. इंग्लंडमध्ये 2013 पासून नवीन नर्सना पदवी सक्तीची झाली तेव्हाही हाच सूर निघाला होता. मला ती भीती चुकीच्या दिशेची वाटते. शिकलेल्या नर्सला बेडपॅनची लाज वाटत नाही. लघवीचा रंग आणि प्रमाण बघायला ती उलट स्वतः जाईल. तिला पेशंटपासून तोडतात ती रजिस्टरं. कॉटजवळच राहून वर जाता येईल अशा जागा फार थोड्या ठिकाणी आहेत, आणि जोवर त्या नाहीत तोवर दर हुशार नर्सची बढती म्हणजे वॉर्डाचं नुकसान.

म्हणून कोणी सल्ला विचारला की मी आधी उलट विचारते: कशासाठी? फक्त पगारासाठी असेल तर आधी आपल्या ठिकाणी पदवीने पगारात खरंच किती फरक पडतो ते कार्यालयात जाऊन बघून ये. बरेचदा उत्तर निराश करणारं असतं. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर एक वर्ष थांब, कॉलेज कुठे जात नाही. आणि जाणार असशील तर संशोधनाचा प्रोजेक्ट मैत्रिणीच्या जुन्या फाइलवरून उतरवू नकोस. सगळ्या उतरवतात. आपल्याच वॉर्डातलं, "हे आपण का करतो?" असं कधीतरी मनात आलेलं एखादं काम घे.

आमच्याकडची एक तरुण सिस्टर या वर्षी जातेय. तिने विषय निवडलाय रात्रीच्या झोपेचा: रात्री दहा ते सकाळी सहा पेशंटला आपण किती वेळा उठवतो आणि त्यातलं किती खरंच गरजेचं असतं. झोपलेल्या माणसाला झोपेची गोळी द्यायला उठवतात हा विनोद आम्ही सगळ्यांनी केलाय, मोजलं कोणीच नव्हतं. तिच्या मार्गदर्शक बाईंना विषय किरकोळ वाटतोय. प्रस्तावात सुरुवातीला काय मांडायचं त्यावर परवा आम्ही दोघी बसलो होतो. वॉर्डातल्या नोंदी बघायच्या परवानगीचं पत्र मेट्रनकडे माझ्या सहीने जाणार आहे, कारण उठवण्याच्या वेळांमध्ये आमच्याच औषधांच्या फेऱ्या सर्वात जास्त भरतील असा मला दाट संशय आहे.